उचललेला पाय

एका जंगलात, बालमित्रांनो, पुस्तक एकच होतं आणि ते सगळ्यांचं आवडतं होतं. एकच होतं म्हणून आवडतं होतं, की इतकं आवडतं होतं म्हणून दुसरं कुणी लिहिलंच नाही, हे नक्की सांगता येत नाही. आपण त्यात पडू नये.

पुस्तकाचं नाव 'अलीकडचा काठ'. गोष्ट अगदी सोपी. 'तो' नावाचा कुणीएक ओढ्याच्या काठावर उभा असतो. त्याला पलीकडे जायचं असतं. पाणी बघून तो घाबरतो. मग विचार करतो. पुस्तकभर विचारच करतो. शेवटच्या पानावर शेवटचं वाक्य येतं, 'आणि त्याने पाय उचलला.' संपलं पुस्तक. लेखकाचं नाव असलेलं पान वाळवीने खाल्लं होतं, त्यामुळे पुढे काय झालं हे कुणाला जाऊन विचारायचीही सोय नव्हती.

जंगलाची रीत अशी, की दर गुरुवारी दुपारी उंबराखाली मैनाताईंनी पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. गोष्ट चालू असताना डोळे उघडणं फार असभ्य समजत. खुद्द वनराजसुद्धा मिटत. म्हणून तर हरणांना निर्धास्तपणे मिटता येत.

या जंगलात काटदरे सर राहत. सर म्हणजे एक वयोवृद्ध साळिंदर. फार शिकलेले. 'अलीकडचा काठ'वर त्यांनी दोन प्रबंध लिहिले होते. पहिल्यात त्यांनी सिद्ध केलं, की उचललेला पाय त्याने पाण्यात टाकला. दुसऱ्यात सिद्ध केलं, की मागे घेतला. दोन्ही प्रबंधांना बक्षिसं मिळाली आणि सरांची झोप गेली. कारण दोन्ही वाचून त्यांना दोन्ही पटले होते.

त्यात आता दृष्टी मंद झाली होती. एकदा पानावर बसलेल्या मुंगीला त्यांनी स्वल्पविराम समजून वाक्याचा नवाच अर्थ लावला. त्यावर भाषणही दिलं. मुंगी उठून गेली तेव्हा फार पंचाईत झाली.

"डोळे आहेत तोवर एकदा कळायला हवं," सर म्हणत. "टाकला की मागे घेतला?"

"मला एक सांगा," त्यांच्या पत्नी दुर्गाबाई म्हणत, "ओढ्यापलीकडे बोरं पिकलीत. आणणार आहात का?"

"विचार करून सांगतो."

दुर्गाबाई हे लग्न झाल्यापासून विचारत होत्या. सरही लग्न झाल्यापासून विचार करत होते.

एका गुरुवारी वाचन संपल्यावर हसमुखराव तरस उभे राहिले. ते शेजारच्या जंगलातून सिनेमा काढायला शिकून आले होते.

"मंडळी, आपल्या या लाडक्या पुस्तकाचा सिनेमा झाला तर?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या पाठीवरचे काटे आनंदाने ताठ उभे राहिले. शेजारी बसलेला ससा जरा लांब सरकला. सरांच्या मनात एकच गोष्ट आली होती. पुस्तकात पाय उचलून सोडून देता येतो. सिनेमात तो कुठेतरी ठेवावा लागेल!

"तुम्ही पुस्तक वाचलंय ना?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"वास घेतलाय," हसमुखराव म्हणाले. "छान आहे वास."

पहिला प्रश्न आला नायकाचा.

"सोपं आहे," हरिण म्हणालं. "तो हरिण आहे. घाबरतो, म्हणजे हरिणच."

"काहीतरीच!" हत्ती म्हणाला. "इतका विचार करतो. हत्तीच तो."

मगर म्हणाली, तो ओढ्यापाशी राहतो हे विसरू नका. मोर म्हणाला, पाय उचलून उभं राहणं कुणाला शोभतं ते मी सांगायला हवं का? पिढ्यानपिढ्या डोळे मिटून ऐकल्यामुळे प्रत्येकाने 'तो' आपल्यासारखाच बघितला होता, आणि बाकीच्यांनाही तसाच दिसत असणार हे गृहीत धरलं होतं. आता डोळे उघडे होते. नखं निघाली. शिंगं खाली झाली.

वनराजांनी जांभई दिली. "तो सिंह आहे हे सगळ्यांना ठाऊक असेल, असं आम्हाला वाटत होतं."

नखं आत गेली. शिंगं वर झाली.

मग समिती नेमली गेली. समितीने असं ठरवलं, की नायकाला वनराजांची आयाळ, हत्तीची सोंड, हरणाची शिंगं, मगरीची शेपटी आणि मोराचा पिसारा असावा. सरांचा मान राखायला कपाळावर एक काटाही लावला. तो सगळा पोशाख माकडाच्या अंगावर चढवला, तेव्हा माकड दिसेनासं झालं आणि तोंडात सोंडेचं बूड गेल्यामुळे त्याला बोलताही येईना.

"संवाद कोण म्हणणार?" हसमुखराव चिंतेत पडले.

"मी वाचीन," मैनाताई म्हणाल्या. "पण पुस्तकात आहे तेच वाचीन. तुम्ही पलीकडे काय वाट्टेल ते दाखवा."

सरांना साहित्यिक सल्लागार नेमलं होतं. हसमुखराव त्यांना विचारल्याशिवाय एकही गोष्ट बिघडवत नसत.

"सर, ओढा फार किरकोळ दिसतो. वाळवंट करू?"

"मुळात ओढा हे एक प्रतीक..."

"म्हणजे वाळवंट चालेल?"

"तसंही म्हणता येईल," सर म्हणाले.

"आणि हा विचार करतो, ते कंटाळवाणं होतं. नाचत नाचत विचार करू दे?"

"तसंही म्हणता येईल."

"आणि शेवटी गरुड येतो नि त्याला उचलून नेतो."

सर घाईने म्हणाले, "पण पाय? पुस्तकात तो पाय उचलतो."

"अहो सर, गरुड अख्खा नायक उचलतो! पाय त्यात आलाच की."

'नाही' म्हणायला एक शब्द पुरतो. पण सरांच्या प्रत्येक शब्दाला तळटीप लागत असे, आणि 'नाही'ची तळटीप त्यांना काही केल्या सुचेना.

"तसंही..." ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

हसमुखरावांना दया आली. "बरं, रडू नका. तुमच्यासाठी म्हणून पायाचं एक दृश्य ठेवतो. नुसता पाय. भला मोठा."

सर घरी आले तेव्हा दुर्गाबाई दारातच होत्या. "नाही म्हणालात का एकदा तरी?"

"त्यांचीही एक बाजू आहे गं."

"आणि तुमची?"

"ती शोधतोय. पण पाय ठेवतो म्हणालेत ते. पाय दिसला की बास."

सिनेमा तयार झाला. ओढ्यापलीकडे एक पांढरा कातळ होता, त्यावर तो दाखवायचं ठरलं. तिन्हीसांजेला अख्खं जंगल अलीकडच्या काठावर येऊन बसलं. मैनाताईंनी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य वाचलं.

त्याबरोबर अख्ख्या जंगलाने डोळे मिटले.

काय करणार? सवय! गोष्ट सुरू झाली, की डोळे मिटायचे. कातळावर आयाळवाला, सोंडवाला, पिसारेवाला नायक वाळवंटात उड्या मारत होता आणि समोर एकही डोळा उघडा नव्हता.

उघडे होते फक्त सरांचे. आयुष्यात पहिल्यांदाच ते असभ्यपणे वागत होते. पण बसल्या जागेवरून सगळं धुरकट दिसत होतं. नायक उडी मारतोय की झाडाची फांदी हलतेय, हेही समजेना. सर थोडे पुढे सरकले. मग आणखी थोडे. शेवटचं पान जवळ आलं, तसे ते उठून चालूच लागले. नजर कातळावर, कान मैनाताईंकडे.

"'आणि त्याने पाय उचलला,'" मैनाताईंनी वाचलं.

कातळावर पाय आला. भला मोठा. सरांनी मान पुढे काढून बघितलं. पाय पाण्यात नव्हता. काठावरही नव्हता. गरुडाच्या पंजाखाली हवेत लोंबकळत होता. आणि त्या पायात बूट होता.

मागून हुंदक्यांचा आवाज आला. सगळे डोळे पुसत उघडत होते.

"टाकला हो पाण्यात पाय! काय धीराचा!" हत्ती म्हणाला.

"मागे घेतला! किती बरं वाटलं!" ससा म्हणाला.

"आयाळ काय सुंदर दिसत होती," वनराज म्हणाले. "पुस्तकाला इतका धरून असलेला सिनेमा आम्ही पाहिला नाही."

सर तसेच उभे होते. सगळ्यांना पाय दिसला आणि आपल्यालाच नाही. आपलीच दृष्टी गेली असावी. तसंही म्हणता येईल...

"अहो!" मागून दुर्गाबाई ओरडल्या. "पाण्यात काय उभे आहात?"

सरांनी खाली बघितलं. ओढ्याचं गार पाणी त्यांच्या पोटरीशी खळखळत होतं. एक पाय काठावरच्या चिखलात होता. दुसरा पाण्यात होता. कधी टाकला, त्यांना आठवेना. त्यांना फार भीती वाटली. मग लक्षात आलं, की ज्याची भीती वाटायची ते होऊन गेलंय.

"मी... परत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"आता ओले झालाच आहात तर पलीकडे जा, आणि बोरं तरी आणा!"

"कशात आणू? पिशवी नाही."

"पाठीवर इतके काटे आहेत, ते काय शोभेचे? टोचून आणा!"

सरांनी थोडा विचार केला. मग त्यांनी काठावरचा पाय उचलला, आणि बालमित्रांनो, पाण्यात ठेवला.

तात्पर्य: आवडत्या पुस्तकावरचा सिनेमा नेहमी डोळे मिटून बघावा, म्हणजे तो पुस्तकाइतकाच चांगला निघतो. ज्यांना डोळे उघडे ठेवायची खोड असेल, त्यांनी येताना बोरं आणावीत.