हवालदारचाचांचा अर्धा तास

आंघोळीच्या रांगेत तुम्हाला कधी कुणी उंचीप्रमाणे उभं केलंय? आम्हाला रोज करतात. सौदीतल्या बुरैदा शहरातल्या आमच्या कामगार कॅम्पच्या गेटवर पहाऱ्याला मंडणगडचे हवालदारचाचा आहेत. फौज सोडून पंधरा वर्षं झाली, तरी त्यांच्या चपलासुद्धा पलंगाखाली सावधानमध्ये उभ्या असतात.

"बुटका पुढे, लांबडा मागे! नाशिककर, पोट आत!"

नाशिककर म्हणजे मी. पाण्याचा कूलर बिघडला तरी भिंतीवर पत्रक लावणारा माणूस. चौदा जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. त्या दिवशी चाचांनी सकाळी अकराला अर्ध्या तासाची रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, "हा कुठला सण? खलास!" माझं रक्त उसळलं. लगेच पत्रकाचा मथळा लिहिला: 'सैनिकाची राष्ट्रीय सुट्टी हिसकावणाऱ्यांनो, जबाब द्या!'

चाचांनी तो शांतपणे वाचला. "पोरा, ही सुट्टी आपल्या देशातबी नसते."

मी मथळा खोडला. "मग आजारी आहे म्हणून लिहा."

"खोटं? हवालदार?" चाचा कडाडले. मग आवाज उतरला. "माझा फोन नाही गेला तर एक माणूस दिवसभर वाट बघत बसंल. गेटवर उभा राहतोस का, तेवढं बोल."

माझी पाळी दुपारची होती. बदली माणूस मिळाला म्हटल्यावर मॅनेजरनंही रजा दिली.

अकराला चाचांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, गेटच्या केबिनमध्ये फोन टेबलावर टेकवला आणि स्वतः सावधान झाले. केबिनच्या खिडकीतून मला फोनवर कोकणातली पडवी दिसत होती. खुर्चीत एक म्हातारा, शेजारी त्याची बायको. ती म्हणाली, "भावजी, चार दिवस झाले, मलासुद्धा ओळखत नाहीत."

चाचांनी आपल्या जुन्या पलटणीची हजेरी सुरू केली. एक नाव घ्यायचं, थांबायचं, पुढचं घ्यायचं. उत्तर येत नव्हतं. ती माणसं आता राहिली नव्हती.

"शिपाई पवार!"

म्हातारा ताडकन उठला. "हाजिर, साब!" आणि बायकोकडे वळून म्हणाला, "सुमन, ताट वाढ. हवालदार आलेत."

चाचा बाहेर आले ते डोळे पुसतच. "धूळ फार आहे इथं," म्हणाले. "आणि तू गेटला टेकून उभा होतास. बघितलं मी."

तुमच्या गल्लीतही एखादा माजी सैनिक असेल. येत्या चौदा जानेवारीला त्याच्याकडे जा. लढाईच्या गोष्टी मागू नका. सोबत्यांची नावं विचारा, आणि ती सगळी सांगून होईपर्यंत उठू नका.