मयेकरकाकांनी ठरवलेले मासे

आमच्या बिल्डिंगीत कोणाला घरात फिशटँक ठेवायचा असेल, तर आधी मयेकरकाका घर बघायला येतात. मुलगी बघायला यावं तसे. इस्त्रीचा शर्ट आणि चेहऱ्यावर 'नकारही देऊ शकतो' असा भाव. पूनम सागरमध्ये नवीन राहायला आलो तेव्हा ही पद्धत मला ठाऊक नव्हती. माझ्या नऊ वर्षांच्या ईराला मासे हवे होते, शेजारणीने तळमजल्यावरच्या काकांचं नाव सुचवलं, आणि दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ आमच्या सोफ्यावर बसून मला विचारत होते, "घरात भांडणं होतात का? आवाज चढतो?"

मी हबकलेच. हे मला माझ्या सासरच्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं.

"दारं आपटता का? काचेला हादरा बसतो. मासा खाणं सोडतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. सुधीरने हरिश्चंद्राच्या थाटात सांगून टाकलं, "ही आपटते."

"मग एंजल नको," काका म्हणाले. "बुजरा मासा आहे."

ईराला गोल भांड्यात गोल्डफिश हवा होता. त्यावर काकांनी कानाला हात लावला. "गोल्डफिश केवढा वाढतो, घाण किती करतो, माहितीये? जीव आहे, शोकेस नाही." मग ती म्हणाली, फायटर आणि गप्पी एकत्र ठेवू. "फायटर एकटाच बरा. गप्पीची शेपटी दिसली की फाडतो." शेवटी सहा निऑन टेट्रा ठरले. "सहाच्या खाली मी देत नाही. थव्यात राहणारा मासा आहे, एकटा पडला की कोपरा धरून बसतो." 'देत नाही' म्हणाले, जणू सगळे टेट्रा त्यांच्याच घरात लहानाचे मोठे झाले होते.

आमचं एकवेळ ठीक होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या शहाभाभींना कोणीतरी ऑस्कर मासा घ्यायला सांगितलं होतं, मोठा आणि दिसायला रुबाबदार म्हणून. काकांनी त्यांच्या दिवाणखान्यात बसून शांतपणे विचारलं, "भाभी, ये मछली छोटी मछली को जिंदा गिलता है. आपको चलेगा?" जन्मात कांदा न खाल्लेल्या शहाभाभी पुढचे दोन दिवस देवघरातून बाहेर आल्या नाहीत, असं त्यांची सून सांगते. त्यांच्याकडे आता शेवाळ खाणाऱ्या मॉली आहेत.

दुकानात तर मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. काका टाकीसमोर स्टूल ओढून बसले आणि दुकानदार इरफानला म्हणाले, "पहले खाना डाल." का, तर जो मासा धावत येऊन खातो तोच घ्यायचा. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. काका एकेका टेट्राचे पंख, रंग, पोहण्याची ढब बघतायत, मध्येच "तो नको, तो तिरका पोहतोय" म्हणतायत. पाऊण तासात सहा मासे पसंत पडले. घरी आल्यावर पिशवी तशीच टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवायला लावली. "सासरच्या पाण्याची सवय होऊ दे आधी."

एवढं माशांचं प्रेम, आणि हाच माणूस रविवारी बाजारातून बांगडे आणताना मला जिन्यात भेटला. पिशवीतून शेपट्या बाहेर. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "ते ताटातले, हे टाकीतले. सरमिसळ करायची नाही."

खरा धक्का बसला तो त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा. अख्ख्या बिल्डिंगीचे मासे ठरवणाऱ्या माणसाच्या घरात साधी बरणीभर गप्पीसुद्धा नव्हती. एक पलंग, एक खुर्ची, बायकोचा फोटो. मूलबाळ नाही. "मला कशाला?" ते म्हणाले. "तुमच्याकडे आहेत की."

आमची बिल्डिंग बहुतेक रत्नागिरी-रायगडवाल्यांची. गौरी-गणपतीला सगळे गावी पळतात, मजलेच्या मजले कुलूपबंद होतात. काका जात नाहीत. त्यांचं घर राजापूरकडे. बायको गेल्यावर घराच्या वाटणीवरून भावाशी बिनसलं, तेव्हापासून त्यांनी तिकडे पाऊल टाकलेलं नाही. मग त्यांचा नियम ठरलेला: "मासे रोज दोनदा खायला मागतात. किल्ली माझ्याकडे द्या." दरवर्षी आठ-दहा घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे जमतात.

या वर्षी सुधीरने आपोआप खाणं टाकणारं मशीन मागवलं. चौथ्या मजल्यावरच्या दोघांनी ते बघून लगेच आपापलं मागवलं. काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत ठेवलं. "चांगलंय," एवढंच म्हणाले. जाताना चपला उलट्या पायांत घातल्या आणि तशाच जिना उतरून गेले.

निघायच्या आदल्या दिवशी मी मशीनमध्ये भरायला खाणं आणायला इरफानकडे गेले. तो हसायला लागला. "भाभी, पाँच-छे दिन भूखे रहेंगे तो कुछ नहीं होता. पानी उल्टा साफ रहेगा. मशीन की भी जरूरत नहीं."

"पर चाचा तो बोलते हैं दिन में दो बार..."

"चाचा?" इरफान चक्रावला. "मेरे को तो चाचा ने ही सिखाया ये."

मी थक्क झाले, आणि मग भडकले. इतकी वर्षं हा माणूस अख्ख्या बिल्डिंगीला मामा बनवतोय. तशीच तणतणत तळमजल्यावर गेले. दार उघडंच होतं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर पेन घेऊन उभे होते.

गणपतीच्या दिवसांच्या चौकोनांत बारीक अक्षरांत फ्लॅटचे नंबर होते. चतुर्थीला आमचा: '३०२. सकाळी दिवा लावणे. डबा तिथेच खाणे.' पंचमीला २०४, संध्याकाळी आरती. गौरी जेवतात त्या दिवशी ५०१, 'खीर नेणे'. चौथ्या मजल्याचे दोन्ही नंबर नुकतेच खोडलेले दिसत होते. बंद घरांतून त्यांनी आपला सण वाटून ठेवला होता.

मला रडू आवरेना. भांडायला आले होते, हे विसरूनच गेले.

"या, ईराच्या आई," काका वळले. पेन ३०२ वर टेकलेलं. "तुमचं मशीन लागलं ना? मग हेही खोडतो."

"मशीन बंद पडलं, काका," मी म्हटलं. "इरफानकडूनच येतेय."

इरफानचं नाव ऐकून त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघेनात. मी किल्ली पुढे केली, त्यांनी ती घेतली आणि बराच वेळ हातात नुसती फिरवत राहिले.

"तसं त्यांना सहा दिवस काही लागत नाही हो," ते हळूच म्हणाले.

"माहितीये, काका."

"मग किल्ली?"

"राहू द्या तुमच्याकडे," मी म्हटलं. "चतुर्थीसाठी नारळ खोवून फ्रीजमध्ये ठेवून जाते."