दाजींच्या डोक्यावरचं झाकण

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डोक्यावर डब्याचं स्टीलचं झाकण बांधून गौलीगुड्याच्या गल्ल्यांतून हिंडत. झाकणावर काडेपेटीएवढा अँटेना, हातात फोन. किराणावाला विचारायचा, "क्या साब, ऊपरवाले क्या बोल रए?" दाजी न हसता सांगत, "बोल रए, तेरा काँटा झूटा है."

उपग्रहांचं ऐकून आपण कुठे आहोत ते सांगणारी चिप आखणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या मते जगात माणसं दोनच जातींची: एका फ्रिक्वेन्सीवर विश्वास ठेवणारी आणि शहाणी. अरुंद गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि चिप फसते. दोन फ्रिक्वेन्सी ऐकल्या तर लबाडी पकडता येते. हे त्यांनी एकदा लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही थांबवून समजावलं होतं.

कंपनीने खर्च वाचवायला दुसरी फ्रिक्वेन्सी कापली. चाचणी मोकळ्या मैदानात घेतली. ती उत्तम झाली आणि साहेबांनी केक कापला. "मैदानात कुणीही शहाणा असतो," दाजी म्हणाले. त्यांच्यापर्यंत केक आला नाही.

त्यांची तळमळ मला फार उशिरा कळली. अक्काला विसर पडू लागला होता. साठीला टेकलेली ती, जामबागेतल्या आपल्या लहानपणीच्या शाळेत जायचं म्हणून घराबाहेर पडायची. दाजींनी तीच अर्धीमुर्धी चिप लॉकेटमध्ये बसवून तिच्या गळ्यात घातली. दुसरी मिळणार नव्हती.

उन्हाळ्यात एका दुपारी ती निघून गेली. फोनवर ठिपका ज्या गल्लीत दिसत होता, तिथे दाजी दारोदार शोधत राहिले. अक्का भिंतीपलीकडच्या गल्लीत, बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. सापडली तेव्हा उन्हाने तिचं बोलणं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तीही गेली.

साहेब भेटायला आले. चूक फक्त काही मीटरची होती, असं सांगून गेले.

दाजी मला एवढंच म्हणाले, "मी फोनकडे बघत होतो. हाक मारली असती तर पलीकडे ऐकू गेली असती." पण मारणार कशी? उभ्या संसारात दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं नव्हतं. 'ऐकलं का' एवढ्यावर भागत आलं होतं.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दाजी एकटेच बोलत होते. सुमन. जरा थांबून पुन्हा, थोडं मोठ्याने, सुमन. मी दार न वाजवता जिना उतरलो.