डिगूभाऊंचं डावं चाक

सकाळी साडेसहाला फोन वाजतो. मी 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून 'घुर्रर्र... टक्. घुर्रर्र... टक्' असं सुरू होतं. तीन-चार वेळा तेच झालं की मग माणसाचा आवाज येतो, "आयकला का सर? हे सेकंड गेरमंदी. आता थर्डचा आयका." आणि मला थर्डचा ऐकावा लागतो.

पहिल्यांदा हा फोन आला तेव्हा कुणीतरी चूळ भरता भरता चुकीचा नंबर लावला असं समजून मी तो ठेवून दिला होता. त्याला आता बारा वर्षं झाली. पलीकडे डिगूभाऊ असतात. आवाज त्यांच्या गाडीचा असतो, तो काढणारं तोंड त्यांचं असतं आणि सकाळ माझी जाते.

डिगूभाऊ म्हणजे डिगांबर, वाशीमला आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरात राहणारे. गावाला लागून त्यांचं दोन एकर बागाईत आहे. वांगी, मेथी आणि कोथिंबीर, जिला ते सांबार म्हणतात. लेक अकोल्याला दिलेली, घरात एकटेच. सोबतीला ही गाडी. गाडी कोणत्या कंपनीची ते मी सांगत नाही, कारण त्या कंपनीचं तिच्यात आता फारसं काही उरलेलं नाही. रंग मालकाच्या मते पांढरा आहे. मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या बसतात, पुढे माणूस बसतो, आणि उतरताना दोघांचा वास सारखाच येतो.

गाडीचे आवाज हा डिगूभाऊंचा धर्म आहे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "मानूस खोटं बोलते सर, गाडी नाई बोलत." दुसरं त्याहून लांब आहे. "आवाज म्हंजे गाडीचा अर्ज होय. अर्ज आयकला नाई तर थे मोर्चा काढते." गाडीचे मोर्चे मी पुष्कळ पाहिले. आमच्या अख्ख्या गल्लीने त्यांना मागून धक्का दिलेला आहे.

या कामासाठी त्यांनी मलाच का धरलं, तर मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून. "मिस्त्रीले तोंडानं आवाज काढून दाखवला तर थो हासते. तुमी भाषेचे मानूस. याले शब्द द्या." मी खडखड, कुरकुर, किरकिर, जेवढे होते तेवढे शब्द दिले. एकही पसंत पडला नाही. "कुरकुर नाई सर. कुरकुर पोट्टे करतात. हे दमलेली हाय." मग ते मलाच तोंडाने आवाज काढायला सांगत, म्हणजे मला नीट ऐकू आला की नाही ते त्यांना कळावं. तेवढं मात्र मी कधी केलं नाही. गल्लीत माझे विद्यार्थी राहतात. शिक्षकाने भर रस्त्यात तोंडाने गाडी चालवू नये, हे एक तत्त्व मी बारा वर्षं जपलं होतं.

बाकी माझं काही शिल्लक राहिलं नाही. एकदा मागून 'धब्ब' असा आवाज यायला लागला, फक्त वळणावर. डिगूभाऊंनी मागचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. मग मला डिक्कीत झोपवून त्यांनी गाडी गावभर फिरवली. बसस्टँडच्या चौकात एका ओळखीच्या पालकांनी मला डिक्कीतून डोकं काढताना पाहिलं आणि नमस्कारही केला. तो आवाज पुढे महिनाभराने सापडला. सीटखाली एक कवठ गडगडत होतं. डिगूभाऊंनी ते हातात घेतलं, कानाशी हलवून पाहिलं आणि म्हणाले, "म्या म्हनलंच होतं, शॉकअपचा नाई वाटत."

एका पावसाळ्यात गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडे वळली की गप्प. एक अंत्ययात्रा समोरून येत असताना नेमकं डावीकडे वळावं लागलं. डिगूभाऊंनी गाडी थांबवली, खाली उतरले, आणि आधी तिरडीला आणि मग लोकांना हात जोडून म्हणाले, "वायरिंग होय, माफ करा." लोकांनी माफ केलं. हॉर्नने केलं नाही, तो गाडी बंद होईपर्यंत वाजत राहिला.

आणि मिस्त्रीच्या दारात गेलं की ही गाडी एक अक्षर बोलत नसे. आम्ही दोघे गॅरेजबाहेर तासभर तिच्या बोलण्याची वाट पाहत उभे. मिस्त्री आमच्याकडे असा पाही, की गाडीत नाही तर आमच्यातच काहीतरी सैल झालंय. परतताना पहिल्याच गतिरोधकावर सगळे आवाज परत. त्या रस्त्यावर मी कित्येकदा मनातून हरलो. वाटायचं, ही गाडी कधी नीट होणार नाही, हा माणूस कधी थकणार नाही, आणि मी याच सीटवर म्हातारा होणार.

पण सगळ्यात भयानक आवाज वेगळाच होता. पुढच्या डाव्या चाकातून एक जाड, जात्यासारखी घरघर यायची. वेग वाढला की वाढायची. तिच्यापुढे बाकीचे आवाज म्हणजे गुणगुणणं होतं. गेलं दीड वर्ष ती होती, आणि गंमत म्हणजे डिगूभाऊ तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मिस्त्रीला सांगत नसत, फोनवर ऐकवत नसत. मी विचारलं तर म्हणत, "थो ऱ्हाऊ द्या. थो जुना होय." एवढे पारखी कान असलेल्या माणसाला हाच आवाज कसा खटकत नाही, याचं मला नवल वाटे आणि संतापही येई.

मग डिगूभाऊंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी ते अकोल्याला लेकीकडे चार दिवस गेले. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले, "एक दिसाआड चालू करत जा. एकटी पडली का रुसते."

मी विचार केला, हीच वेळ. या माणसाच्या माघारी एक तरी आवाज कायमचा घालवू आणि त्याला चकित करू. मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने चाक जॅकवर उचललं, हाताने फिरवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "बेरिंग संपलं हो सर. हे गाडी अशी चालवत होते डिगूभाऊ? चाक जाम होऊन पलटी खाल्ली असती." त्याने दुपारपर्यंत नवं बेरिंग टाकलं. जुनं भंगाराच्या ड्रममध्ये फेकलं. ते पडल्याचा 'ठण्' असा आवाज मला फार गोड वाटला होता.

रविवारी डिगूभाऊ काळा चष्मा लावून दारात हजर. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलेलं, आणि त्यांना जऊळक्याला जायचं होतं. दर रविवारी ते तिथे थोरल्या भावाकडे जात. "दादा बरा नाई," यापलीकडे त्यांनी मला कधी काही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. रविवारी ते गावात नसतात, यातच मी सुखी होतो. त्या दिवशी मात्र मी स्वतःहून म्हणालो, चला, मी नेतो. मला माझं कर्तृत्व दाखवायचं होतं.

गाव सुटलं तसे त्यांनी कान टवकारले. मग म्हणाले, "सर, थो आवाज कुठी गेला?"

मी सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं. ते समोर बघत होते. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. "बरं केलं," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "जरा फास्ट घ्या पाहू." मी घेतली. "आता हळू करा." मी केली. मला वाटलं, माझं काम तपासताहेत. खिडकीची काच खाली करून त्यांनी मान बाहेर काढली ती जऊळका येईपर्यंत आत घेतली नाही.

भावाचं घर स्टेशनच्या रस्त्यावर. पूर्वी तिथेच या भावाचं, श्रीरामदादांचं, गॅरेज होतं, आता नुसती छपरी उरलीय. छपरीत रस्त्याकडे तोंड करून बाज टाकलेली आणि बाजेवर दादा. उजवं अंग लुळं, मान जराशी कललेली. आम्ही दारापाशी येऊन थांबलो तरी त्यांची नजर रस्त्याच्या वळणाकडेच होती. गाडी समोर उभी होती, धाकटा भाऊ उतरून पायथ्याशी उभा होता, आणि ते अजून वाट पाहत होते.

आतून वहिनी आल्या, दादांच्या पत्नी. "ओ माय, कवा आले भाऊजी? गाडी आयकूच नाई आली." त्यांनी आधी डिगूभाऊंकडे पाहिलं, मग दादांकडे, मग पुन्हा डिगूभाऊंकडे. "आज बोलले नाई का?"

डिगूभाऊंनी मानेनेच नाही म्हटलं आणि दादांचे पाय दाबत बसले.

चहा द्यायला मला आत नेलं तेव्हा वहिनींनी सांगितलं. "दीड वर्स झालं सर, लकवा मारला यायले. त्याच्या आंधीच्या रविवारी भाऊजी आले तं हे गाडीचा आवाज आयकून म्हनले, डाव्या चाकाचं बेरिंग गेलं. पुढच्या रविवारी आन, मी नवं टाकून देतो. गुरुवारी पडले. तवापासून तोंडातून शब्द नाई. मले नाई, पोराले नाई. डाक्टर म्हनते आता येत नाई. पन रविवारी गाडी तिकडं वळनावर आली का हे डावा हात उचलून म्हनत, बेरिंग. साफ म्हनत. भाऊजी उतरता उतरता म्हनत, हो दादा, उद्या टाकतो. बस, एवढंच बोलनं दोघा भावाचं. आमी सारे थेच आयकाले बसून राहो."

मी कुणाची वस्तू फोडली असती तर भरून दिली असती. मी एका माणसाचा शेवटचा शब्द मिस्त्रीच्या ड्रममध्ये टाकून आलो होतो, आणि तो पडताना मला बरं वाटलं होतं.

परतीच्या वाटेवर मी माफी मागितली. डिगूभाऊ म्हणाले, "तुमाले काय मालूम? अन् चाक जामच होनार होतं कवा ना कवा." ते रागावले असते तर बरं झालं असतं. वाशीम जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "थे जुनं बेरिंग असन का हो मिस्त्रीकडं?"

नव्हतं. भंगारवाला शनिवारीच ड्रम रिकामा करून गेला होता. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "लोक माह्याकडं आवाज काढाले येतात. आवाज बसवून द्या म्हननारे तुमी पयले." तरी तो भला माणूस. इकडून तिकडून तीन गेलेली बेरिंगं शोधून आणली, आणि आम्ही तीन दिवस उलटं काम केलं. चांगली गाडी बिघडवायची आणि कान लावून बसायचं. पहिलं शिट्टी मारत होतं. दुसरं घरघरलं, मी आशेने पाहिलं, पण डिगूभाऊंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "हे आपलं नाई सर. हे कोनाच्या तरी दुसऱ्या गाडीचं होय." तिसऱ्याने चाकच डगमगलं. मिस्त्रीने ते काढून नवं परत बसवलं आणि हात जोडले. "आता नाई भाऊ. चाक निखळन अन् तुमी जासान. मंग थ्या मानसाकडं दर रविवारी कोन जाईन?"

पुढचे तीन दिवस मला सकाळचा फोन आला नाही. साडेसहाला मी जागा होऊन फोनकडे बघत पडून राहायचो. या दिवसाची मी बारा वर्षं वाट पाहिली होती, आणि आला तेव्हा तो मला सोसवेना.

रविवारी पुन्हा मीच गाडी चालवायला बसलो. जऊळक्याला स्टेशनचं वळण आलं तसं डिगूभाऊंनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, छाती भरून श्वास घेतला आणि 'घर्रर्रर्र' असा आवाज काढायला सुरुवात केली. थेट घरापर्यंत. रस्त्याकडेचा पानठेलेवाला उठून उभा राहिला. गाडी खोटं बोलत नाही म्हणणारा माणूस गाडीच्या वतीने खोटं बोलत होता, गळ्याच्या शिरा फुगवून.

दादांनी मान उचलली. डावा हात बाजेवरून वर आला. वहिनी दाराला धरून उभ्या. मी इंजिन बंद केलं.

हात वर थांबला, आणि मग पंजा आडवा हलला. नाही. हा तो आवाज नव्हे. चाळीस वर्षं गाड्या ऐकलेल्या दादांसारख्या मिस्त्रीला काय फसवणार?

मला वाटलं, संपलं. डिगूभाऊ मात्र लगबगीने उतरून बाजेच्या कडेला बसले. "नाई? मंग कसा व्हता दादा? याच्याहून जाड?" त्यांनी पुन्हा काढून दाखवला. दादांनी डोळे मिटले आणि मान जराशी पुढे केली. पंजा पुन्हा आडवा हलला. "बारीक? लोडवर असते तसा?" पुन्हा. पुन्हा नाही. डिगूभाऊंना खोकल्याची उबळ आली. काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि पुन्हा श्वास घेतला, पण घशातून आवाज निघेना.

तो शब्द त्या दिवशी आला नाही. आजपर्यंत आलेला नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. पण ती घरघर दीड वर्ष माझ्या डाव्या मांडीशी वाजत होती. ती मला पाठ होती. दारात चार शेजारी जमले होते, त्यांत आमच्या शाळेतल्या एका मुलीचे मामाही होते. मी बाजेच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि तोंड उघडलं.

दादांचा पंजा हलला नाही. ते डोळे मिटून होते.

"अजून घशातून काढा सर," डिगूभाऊ बसल्या आवाजात म्हणाले, "दादा आयकून राह्यला."