बसू नका

"उद्याच्या तासाला एक तरी मूल हसलं पाहिजे," मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं. "विनोदी धडा आहे, सर. गेल्या खेपेला दोघं घोरत होती आणि एक रडत होतं. उद्या मी स्वतः मागे बसणार. हसू आलं नाही, तर पुढच्या वर्षी साहित्य दुसऱ्याकडे आणि तुमच्याकडे ग्रंथालयाच्या किल्ल्या!"

तात्पर्य सरांनी घाईघाईनं धड्याचं पुस्तक उघडलं. हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं, कारण सर शिंकले तरी त्याचं तात्पर्य सांगत. साहित्य शिकवणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि त्यातही स्वभावचित्रण. माणसाचं एक वाक्य मिळालं, की सर त्याचा अख्खा स्वभाव उलगडून दाखवत. बहुतेक वेळा त्यांचा अंदाज चुकायचा, पण हे त्यांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र शर्ट घालून, सर्दीनं चोंदलेलं नाक ओढत सर वेळेआधीच वर्गाबाहेर हजर झाले. व्हरांड्यातल्या बाकावर एक पुठ्ठा टेकवून ठेवलेला होता. त्यावर दोनच शब्द. 'बसू नका.'

सरांच्या भुवया वर चढल्या. ना 'कृपया', ना कारण! लिहिणारा उर्मट, आळशी आणि बाक आपल्या बापाचा समजणारा. म्हणजे शेवटच्या रांगेतली टोळी, दुसरं कोण? मधल्या सुट्टीसाठी जागा अडवून ठेवली असणार.

"मला शिकवता काय रे, लबाडांनो?" असं पुटपुटत सरांनी पुठ्ठा बाजूला केला आणि पाठ चांगली टेकवून ते ऐसपैस बसले. बाक नुकताच रंगवून रंगारीदादा ब्रश धुवायला गेले होते, हे तुम्हाआम्हाला कळतं. सरांना कळायला नाक उघडं हवं होतं. घंटा झाली तेव्हा बाकानं त्यांना जरा धरूनच ठेवलं. पण सर धड्याच्या तंद्रीत होते. हिसका देऊन उठले आणि वर्गात शिरले.

धडा एका ताठ न्यायाधीशाचा होता. भाड्याचा कोट घालून तो गावभर ऐटीत फिरतो, आणि पाठीवर 'भाड्याने मिळेल' ही चिठ्ठी तशीच लटकत असते. सर फळ्याकडे वळून लिहू लागले, 'पात्राला ठाऊक नाही, वाचकाला ठाऊक आहे.'

मागून फिस्सकन हसू फुटलं. सर वळले. वर्ग चिडीचूप. पुन्हा फळ्याकडे वळले, पुन्हा खसखस. सरांचं काळीज सुपाएवढं झालं. पोरांना चक्क धडा कळत होता! मग काय, सर एकेक शब्द लिहायला फळ्याकडे वळू लागले.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं कसंबसं तोंड दाबून हात वर केला. "सर, त्या न्यायाधीशाला कुणीच सांगत नाही का हो?"

"छे! सांगितलं तर गोष्टीतली मजाच गेली ना!"

"मग नाही सांगत, सर," ती म्हणाली, आणि वर्ग बाकांवर आडवा झाला. मागे मुख्याध्यापिका बाई तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या.

तास संपल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "सर, कुठे दडवून ठेवला होतात हा माणूस? स्वतःलाच न्यायाधीश केलंत! साहित्य तुमचंच. उद्या सगळ्या शिक्षकांसमोर हाच तास घ्यायचा. अगदी अस्सा, या तयारीसकट."

"तयारी कसली, बाई? सहज सुचलं."

"काय हा विनय!"

सर तरंगतच घरी गेले. पाठमोरे होऊन चपला काढत होते, तोच आतून बायको ओरडली, "अहो, हे काय? पाठीवर हिरवे पट्टे! आणि खालीसुद्धा? शाळेत गेला होतात की कुंपणाला लटकला होतात?"

सरांनी आरशात पाठ पाहिली आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे पोरं मला हसत होती गं! धडा कुणालाच कळला नाही."

"सांगितलं का कुणी तुम्हाला?"

"नाही. ती मुलगी म्हणाली, मग नाही सांगत."

"मग धडा कळला की सगळ्यांना! एक तुम्ही सोडून," बायको म्हणाली आणि पोट धरून हसू लागली. सर आधी चिडले, मग ओशाळले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. पण उद्याचं काय?

सकाळी दुसरा पांढरा शर्ट घालून सर व्हरांड्यात आले. रंगारीदादा बाकावर शेवटचा हात फिरवत होते.

"काल कुणी शहाणा मुद्दाम येऊन बसला हो, सर! सगळा बाक पुन्हा रंगवावा लागला. 'बसू नका' म्हटलं की लोकांना चेव येतो. म्हणून आज पाटीच बदलली. बघा, कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'अवश्य बसा.'

सरांनी या वेळी लिहिणाऱ्याच्या स्वभावाचा अजिबात विचार केला नाही. "जशी तुमची इच्छा," असं म्हणून त्यांनी शर्ट नीट ताणला आणि पाठ टेकवून बसले.