माधव सान्यांच्या होडीतील पुढची जागा

प्रति,
श्रीयुत अनंतराव साने, रेगेन्सबर्ग, यांचे सेवेशी.

अर्जदार: दत्तात्रय बाबू गुरव, वय पंचावन्न, धंदा अर्ज लिहिणे, हल्ली मुक्काम उंटरश्लाइसहाइम, मुलाच्या घरी.
सामनेवाला: आपले धाकटे बंधू माधव, राहणार म्युनिक.
घटनेचा काळ: जुलै २००७, सहा दिवस.
साक्षीदार: मुलगा नितीन व सून सौ. स्नेहा, पैकी नितीन ओला झालेला.

अर्जदार सविनय निवेदन करतो की, सदर माधव कोणाच्याही घरी गेले की चहा येण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतात: “आल्झो, तुमच्यात कोण कोणाशी बोलत नाही?” (‘आल्झो’ म्हणजे जर्मनमध्ये ‘तर मग’.)

आमच्या दिवाणखान्यातही त्यांनी तो विचारला. दर उन्हाळ्यात मराठी कुटुंबांना स्वीडनच्या पार उत्तरेला न्यायचे, दिवसभर जंगलातल्या नदीतून होड्या वल्हवून घ्यायच्या आणि मुक्कामाला लाकडी लॉज, असा त्यांचा व्यवसाय आहे, हे आपण जाणताच. स्नेहाने आम्हां तिघांची नावे दिली होती. प्रश्न ऐकताच तिने एक बोट माझ्याकडे व दुसरे नितीनकडे केले.

हकीकत लपवीत नाही. नितीनला कचेरीत खिडकीजवळची खुर्ची मिळावी, असा रीतसर अर्ज मी त्याच्या जर्मन साहेबांना परस्पर पाठविला होता. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु तहसील कचेरीबाहेर तीस वर्षे माझ्या मसुद्याला मान होता. इथेही खुर्ची मिळाली. मुलगा मात्र बोलेनासा झाला. “स्नेहा, त्यांना सांग, पोळी गरम आहे,” इतपतच संबंध उरला.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” माधव टाळी वाजवून म्हणाले. “काका पुढे, नितीन मागे. एकच होडी.”

“मी हरकत नोंदवतो,” मी म्हणालो.

“नोंदवा की. नदी वाचेल.”

असे हे गृहस्थ. होडीला ते ‘अहो’ म्हणतात आणि पाण्यातल्या खडकाला ‘रावसाहेब’. “रावसाहेब डावीकडे बसलेत, त्यांना धक्का नको.” लॉजवर खिचडी वाढण्यापूर्वी प्रत्येकाचे मोजे स्वतः चाचपून पाहतात. मोजे ओले, तर खिचडी नाही. मी ज्येष्ठत्वाचा मुद्दा मांडला. तो फेटाळण्यात आला.

त्या होडीची रचनाच अशी की, पुढच्याला खडक दिसतो पण होडी वळवता येत नाही; मागच्याला वळवता येते पण खडक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मला एक भलेमोठे रावसाहेब स्पष्ट दिसले. मी मौन पाळले. परिणामी आम्ही उभयता कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उभे राहिलो.

माझी कॉलर धरून नितीन ओरडला, “बाबा, खडक दिसला नाही का?”

“दिसला.”

“मग बोलला का नाहीत?”

“आपण बोलत नव्हतो.”

पाच आठवड्यांनी माझा मुलगा माझ्याकडे पाहून हसला. पाण्यात उभ्याउभ्या त्याने माझा चष्मा पुसून दिला. पुढे लॉजपर्यंत आम्ही इतके बोललो की माधवांना दोनदा तंबी द्यावी लागली: “काका, पक्ष्यांनाही बोलू द्या!”

आता मूळ तक्रार.

सर्वांना जोडी लावणारे माधव स्वतः एकटे वल्हवतात. त्यांच्या होडीतील पुढची जागा रिकामी असते. पुढचे टोक उचलले जाऊ नये म्हणून तिथे ते एक मोठा धोंडा ठेवतात. संध्याकाळी काठावर सोडतात, सकाळी दुसरा शोधून आणतात. धोंड्याशेजारी एक लाइफ जॅकेट बांधलेले असते, फार उंच माणसाच्या मापाचे. स्नेहाने विचारले, “माधवदादा, ही जागा कोणाची?”

“आरक्षित आहे.”

शेवटच्या लॉजवर ते शेगडीपाशी आमचे मोजे उलटसुलट करीत बसले होते. मी त्यांचाच प्रश्न त्यांना केला, “आल्झो, आपण कोणाशी बोलत नाही?”

ते बराच वेळ एकच मोजा वाळवीत राहिले. “अण्णाशी,” म्हणाले, म्हणजे आपल्याशी. त्यांनी चांगली नोकरी सोडून हा धंदा धरला, तेव्हा ‘सान्यांच्या घरात नावाडी निपजला,’ असे आपण चारचौघांत म्हणालात. माधवांनी आपल्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दाखवली आणि हसले. आम्ही हसलो नाही.

“मग पत्र का लिहीत नाही?”

“सहा वर्षं झाली, काका. सुरुवातच जमत नाही.”

सुरुवात करून देणे हा माझा पेशा असल्याने सदर अर्ज करीत आहे. माधवांना याची कल्पना नाही. हाही अर्ज मी परस्परच पाठवीत आहे. नितीनने वाचून, या खेपेस पाठवा, असे म्हटले आहे.

सबब विनंती की, पुढील जुलैत आपण सदर जागेवर समक्ष हजर राहावे. अथवा का राहू शकत नाही, ते कळवावे. उत्तर मला नको, माधवांना द्यावे. मोजे दोन जोड आणावेत. वल्हवता येत नसल्यास हरकत नाही. पुढे बसणाऱ्याने फक्त बोलायचे असते.

आपला नम्र,
द. बा. गुरव