अण्णांच्या मशीनला सबवूफर

भुजंगअण्णांना जाऊन वर्ष होत आलं आणि त्याच वर्षात धोंडाबाईंचे कानही गेले. आता नवऱ्याचा आवाज ऐकायचा तरी कसा? कंधारात कुणाचंही लग्न असो, माइकवर आहेर पुकारायचे ते अण्णाच. मुलाच्या, वैजनाथच्या लग्नातही त्यांनीच पुकारले होते. त्याची एक कॅसेट आणि काचेच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे 'वॉलचा' जुना स्टिरिओ, एवढंच मागे उरलं होतं.

"वाजून राहिलं का रे?" धोंडाबाई रोज विचारायच्या.

"वाजून राहिलं, आई!" वैजनाथ अगदी त्यांच्या कानाशी ओरडायचा.

"मला तर न्हाई यायलं."

वैजनाथ आवाज आणखी वाढवायचा. शेवटी नांदेडहून त्याने सबवूफर, खर्ज घुमवणारा मोठा स्पीकर, आणला. दुकानदाराने बजावलं होतं, "जुने स्पीकर काढू नका. वॉलचं मशीन त्याच्या स्पीकरबिगर चालवलं की जळतंय, सबवूफर असला तरी." वैजनाथने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

वायरी जोडून त्याने आवाज फुल केला. "मुदखेडच्या मामांकडून घागर! शेजारी भारतरावांकडून सहा चमचे!" अख्खी गल्ली दणाणली. धोंडाबाई ढिम्म. भारतराव मात्र अनवाणीच धावत आले.

"अरे, पंचवीस वर्षं झाली की! माझे चमचे आता कामून काढून राहिला?"

"काका, आईसाठी..."

"मंग आईला ऐकव. गल्लीला कामून?"

भिडेपोटी वैजनाथने जुने स्पीकर काढले आणि नुसता सबवूफर ठेवला. आता शब्द गायब, नुसती घुमघुम.

"अहो, मामंजी बोलून राहिले का म्हैस रवंथ करून राहिली?" गीतांजली, त्याची बायको, म्हणाली.

तेवढ्यात धोंडाबाईंनी टेकायला म्हणून सबवूफरवर हात ठेवला. तो तिथंच राहिला.

"हेच. हेच बोलून राहिले," त्या म्हणाल्या. "शब्द न्हाई समजायले. राहू दे. शब्दानं तर जलमभर भांडलो."

मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वैजनाथलाही रडू आवरेना. त्यामुळे मशीनमागचा धूर त्याला उशिरा दिसला. त्याने पिन ओढली, पण जळायचं ते जळून गेलं होतं.

"गीते, भाजी बघ, करपली," धोंडाबाई म्हणाल्या. हात सबवूफरच्या खोक्यावरच होता. "थांबले वाटतं. पाणी पिऊन राहिले असतील. आहेर किती राहिले रे?"

हातातली पिन तशीच धरून वैजनाथ त्यांच्या कानाशी ओरडला, "लई राहिले, आई!"

"मंग बसते," त्या म्हणाल्या.